वादाविना निवडलेले नेते

चेन्नईच्या रॉयपेट्टा भागात जनरल पॅटर्स रोडवर सत्यमूर्ती भवन हे तमिळनाडू काँग्रेसचे मुख्यालय आहे. त्याच भागात, अव्वै षण्मुगम सालैवर, अण्णा द्रमुकचे कार्यालय आहे. २०२२ या एकाच वर्षात या दोन वास्तूंनी पक्षनेता ठरवण्याच्या दोन तऱ्हा पाहिल्या. ११ जुलै रोजी वानगरम येथील सर्वसाधारण परिषदेने एडप्पाडी पलानीस्वामी यांना हंगामी सरचिटणीस केले आणि ओ. पनीरसेल्वम यांची हकालपट्टी केली. त्याच दिवशी मुख्यालयापाशी दोन्ही गटांत हाणामारी झाली आणि महसूल अधिकाऱ्यांना इमारतीला सील ठोकावे लागले. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदाचे उमेदवार शशी थरूर सत्यमूर्ती भवनात मते मागण्यास आले. तेथे दगड पडले नाहीत. मात्र ऐकण्यासही मोजकेच प्रतिनिधी होते.

शासकीय सेवेत असताना अनेक निवड मंडळांवर बसण्याचा योग मला आला. तेथे मी एक सवय लावून घेतली होती. उमेदवाराच्या पहिल्या, घोटून आणलेल्या उत्तराला मी गुण देत नसे. त्यावर प्रतिप्रश्न आला की तो काय करतो, हे पाहत असे. चूक कबूल करतो की झाकतो, आकडा विचारल्यावर आकडा देतो की भाषण देतो, यावरच माझा निर्णय ठरे. पक्षाच्या व्यासपीठावरील उमेदवारांनाही हीच कसोटी लावावी, असे मला वाटते.

या कसोटीवर त्या लढतीतील दोघांना जोखून पाहू. थरूर यांनी जाहीरनामा काढला, सत्तेच्या विकेंद्रीकरणाची भाषा केली, जाहीर वादाची तयारी दाखवली. जाहीरनाम्यातील भारताच्या नकाशात चूक निघाली तेव्हा त्यांनी क्षमा मागून ती दुरुस्त केली. उत्तरदायित्वाचे गुण त्यांना द्यावेच लागतील. पण ज्यांच्या मतांवर निवड ठरणार होती, त्या प्रदेश पातळीवरील कार्यकर्त्यांना आपण कसे सांभाळणार, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्या प्रचारातून मिळाले नाही. मल्लिकार्जुन खर्गे यांच्यापाशी १९७२ पासूनचा निवडणुकांचा आणि मंत्रिपदांचा अनुभव होता. पक्षाची निम्मी पदे पन्नाशीच्या आतील व्यक्तींना देण्याच्या उदयपूर ठरावाचा त्यांनी पुरस्कार केला. मात्र तो कसा अमलात येणार, हा प्रतिप्रश्न त्यांना समोरासमोर कोणी विचारू शकले नाही. कारण वादाचा प्रस्ताव त्यांनी मानला नाही. १९ ऑक्टोबरला निकाल लागला : खर्गे ७,८९७, थरूर १,०७२, अवैध ४१६. रिकाम्या सभागृहांतून जे दिसले नव्हते, ते गुप्त मतपत्रिकेतून दिसले. उघडपणे भेटण्यास कचरणारी माणसेही मत बाळगून होती.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये लिझ ट्रस यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा जाहीर केला. उन्हाळ्यात झालेल्या पक्षांतर्गत दूरचित्रवाणी वादांत ऋषी सुनक यांनी, कर्ज काढून करकपात केल्यास महागाई आणि व्याजदर भडकतील, असा इशारा दिला होता. सभासदांनी तरीही ट्रस यांना ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी निवडले. वाद झाला म्हणून निवड अचूक होते, असे नाही, हे यावरून उघड आहे. परंतु इशारा नोंदलेला होता. चूक कळताच पक्ष कोणाकडे वळू शकतो, हे सर्वांना ठाऊक होते.

वक्तृत्वाला अवास्तव महत्त्व मिळेल, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उदाहरण याच शहरातले आहे. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाल्यावर मद्रास काँग्रेस विधिमंडळ पक्षात कामराज आणि सी. सुब्रमण्यम यांच्यात लढत झाली. एक अल्पशिक्षित, मितभाषी संघटक. दुसरा कायद्याचा पदवीधर. शब्दांच्या फडात कामराज बहुधा मागे पडले असते. आमदारांनी त्यांना ९३ विरुद्ध ४१ मतांनी निवडले, आणि कामराजांनी पराभूत प्रतिस्पर्ध्याला मंत्रिमंडळात घेतले. पण ते आमदार दोघांनाही रोज कामात पाहत होते. आजच्या नऊ हजारांवर प्रतिनिधींना ती सोय नाही. त्यांच्यासाठी प्रश्नोत्तरांचे व्यासपीठ हाच त्या सहवासाचा तोकडा पर्याय होय.

हा केवळ पक्षाचा घरगुती प्रश्न आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडणारा खासदार किंवा आमदार सदस्यत्व गमावू शकतो. म्हणजे पक्षनेता कोण, यावर आपल्या प्रतिनिधीचे सभागृहातील मत अवलंबून असते. तरीही तो नेता कसा निवडावा, याबाबत कायदा जवळजवळ मौन आहे. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीची तरतूद सुचवली. ती कागदावरच राहिली. पक्षाची नोंदणी निवडणूक आयोगाला अपवादात्मक कारणांखेरीज रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे निवडणूक आयोगाच्या हाती दंड नाही.

कायदा येईल तेव्हा येवो. पक्षांनी स्वतःहून तीन गोष्टी कराव्यात : मतदारप्रतिनिधींची संपर्कासह पूर्ण यादी प्रत्येक उमेदवाराला द्यावी, प्रदेशाध्यक्षांनी सर्व उमेदवारांचे सारखे स्वागत करावे, आणि प्रत्येक विभागात एकदा तरी उमेदवारांनी प्रतिनिधींच्या प्रश्नांना एकत्र सामोरे जावे. खर्गे यांनी २०२३ मध्ये थरूर यांना कार्यसमितीत घेतले, हा कामराजांच्या परंपरेला शोभणारा निर्णय होता. अण्णा द्रमुकमध्ये मार्च २०२३ मध्ये सरचिटणीसपदाची निवड झाली, ती बिनविरोध. तेथे गुण देण्यासारखे परीक्षकापुढे काही आलेच नाही.