एक सेकंद गप्प

कीबोर्डवर ‘एटी’ टाइप करून एंटर दाबायचं. मोडेम, म्हणजे संगणकाला फोनच्या तारेशी जोडणारी पेटी, जागा असेल तर पडद्यावर उत्तर येई : ओके. मग पुढचा हुकूम, एटीडीटी आणि त्याला लागून फोननंबर. पेटीतल्या छोट्या स्पीकरमधून आधी डायल टोन, मग आकड्यांचे टोन, मग पलीकडची रिंग आणि शेवटी दोन मोडेमांची ती किंचाळी. सूर जुळले की ‘कनेक्ट’, नाही जुळले तर ‘नो कॅरिअर’. घरातली माणसं झोपलेली असतील तर आधी एटीएम० म्हणायचं, म्हणजे स्पीकर मुका. एटीएच म्हटलं की फोन खाली. एटीएस०=१ म्हटलं की पहिल्याच रिंगला मोडेम आपणहून फोन उचलणार.

या भाषेचा जन्म अमेरिकेतल्या अटलांटाचा. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी १९७७ मध्ये हेजच्या घरी, जेवणाच्या टेबलावर हौशी संगणकांसाठी मोडेमची कार्डं जुळवायला सुरुवात केली. त्याआधी मोडेम म्हणजे बहुधा दोन रबरी वाट्या. माणसाने हाताने नंबर फिरवायचा, पलीकडून शिट्टी आली की रिसीव्हर त्या वाट्यांत बसवायचा. अमेरिकी टेलिफोन कंपनी आपल्या तारेला परकं यंत्र जोडू द्यायला नाखूश होती; ते दार कार्टरफोन या यंत्राबाबतच्या १९६८ च्या निकालाने किलकिलं झालं. यंत्राने स्वतः नंबर फिरवायचा तर डायल करणारी वेगळी पेटी, तिला वेगळी केबल. हेजच्या कार्डांनी हे सगळं एकत्र आणलं खरं, पण ॲपलचं कार्ड दुसऱ्या संगणकात बसेना. म्हणून १९८१ साली आला स्मार्टमोडेम : ॲल्युमिनिअमची चपटी पेटी, पुढे लाल दिव्यांची ओळ, आत एक छोटा प्रोसेसर, वेग सेकंदाला ३०० बिट. संगणक कोणताही असो, त्याला सीरिअल पोर्ट असला की झालं.

खरी अडचण इथेच सुरू होते. एकाच केबलमधून मोडेमला हुकूमही द्यायचे आणि पलीकडच्या गावी पाठवायचा मजकूरही. साहेब पत्र सांगताहेत आणि मध्येच म्हणाले, ‘पंखा लाव,’ तर कारकुनाने ते पत्रात लिहायचं की उठून पंखा लावायचा? फोन लागेपर्यंत प्रश्न नाही, तेव्हा सगळेच शब्द मोडेमसाठी असतात. लाइन जुळली की मात्र मोडेम निव्वळ हमाल होतो. येईल ते अक्षर पुढे ढकलतो. आता त्याला ‘फोन ठेव’ सांगायचं कसं? एखादा खास शब्द ठरवावा, तर तोच शब्द कुणाच्या मजकुरात येणार नाही याची हमी कोण देणार? या मोडेमची माहितीपुस्तिका त्याच मोडेमवरून पाठवायची वेळ आली तर?

हेदरिंग्टनने काढलेली तोड मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. खूण म्हणून त्याने तीन अधिक चिन्हं निवडली, +++. पण नुसती चिन्हं नव्हेत. त्यांच्या आधी एक सेकंद काहीही पाठवायचं नाही आणि नंतरही एक सेकंद काही नाही. मजकूर धो धो वाहत असतो तेव्हा त्यात +++ आलं तरी त्याच्या दोन्ही बाजूंना असा रिकामा सेकंद सहसा नसतो. म्हणजे हुकूम चिन्हांत कमी आणि गप्प बसण्यात जास्त. मोडेम ‘ओके’ म्हणतो, लाइन तशीच धरून ठेवतो. एटीओ म्हटलं की संभाषण पुढे सुरू.

या मौनाचं पेटंट १९८५ मध्ये मिळालं. इतर कंपन्यांनी एटी भाषा सर्रास उचलली होतीच. आता या सेकंदासाठी हेजला पैसे मोजायची वेळ आली. काहींनी मोजले, काही कोर्टात गेले. काहींनी पळवाट काढली : मौन नकोच, तीन अधिकांमागे लगेच एखादा वैध एटी हुकूम आला की तो आपल्यासाठीच समजायचा. ही कंजूषी पुढे इंटरनेटच्या काळात अंगाशी आली. १९९८ च्या सुमाराला टवाळखोरांना कळलं, की एखाद्या संगणकाला +++एटीएच० एवढा मजकूर भरून ‘पिंग’ पाठवावा. पिंगचा धर्म म्हणजे आलं ते जसंच्या तसं परत पाठवणं. बिचारा संगणक इमानाने ती अक्षरं परत पाठवी, वाटेत त्याचाच मोडेम ती वाचून फोन ठेवून देई.

‘एटी’ म्हणजे अटेन्शन, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही दोन अक्षरं कामालाही येतात. सीरिअल तारेवर प्रत्येक अक्षराआधी एक शून्य जातं आणि ‘ए’चा पहिलाच बिट एक असतो. ते शून्य किती वेळ टिकलं हे मोजलं की संगणक कोणत्या वेगाने बोलतोय ते मोडेमला समजतं. ‘ए’मध्ये एक हे दोनदा येतं, ‘टी’मध्ये तीनदा, त्यावरून पॅरिटीही, म्हणजे तपासणीच्या बिटाची सम-विषम पद्धतही, कळते. सावधान म्हणता म्हणता मापं काढून झाली!

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ही भाषा इथल्या तारांवर अडखळली. अमेरिकी डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा. आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरणारा. कानाला टोन स्वच्छ ऐकू येई, पण परदेशी घडणीचा मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणून हात वर करू शके. त्यावर उतारा एटीएक्स३ : टोनची वाट पाहू नकोस, थोडं थांब आणि फिरव नंबर. जुन्या एक्स्चेंजला टोन चालत नसतील तर डीटीऐवजी डीपी, म्हणजे टोनऐवजी पल्स. ऑफिसच्या बोर्डातून बाहेरची लाइन घ्यायची तर शून्यापुढे स्वल्पविराम, म्हणजे दोन सेकंद थांबा. आणि फोन एंगेज लागला तर नुसतं ‘ए’ आणि तिरपी रेघ, मागचा हुकूम पुन्हा. त्याला एंटरही लागत नाही.

हेज कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, सावरली, १९९८ मध्ये पुन्हा गेली आणि संपली. भाषेला त्याचं काही वाटलं नाही. तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाण तोवर झालं होतं आणि मोबाइलवाल्यांनी तीच उचलून वाढवली. सिग्नल किती आहे हे विचारायला एटी+सीएसक्यू. पाचव्या पिढीच्या नेटवर्कवर नोंदणी झाली का, हे विचारायचा हुकूमही एटीनेच सुरू होतो. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी सिमकार्डाचं मोड्यूल आणतो आणि पहिल्यांदा टाइप करतो ते ‘एटी’च. विहिरीवरची मोटर फोनवरून चालू करणारे जीएसएम स्टार्टर असतात, त्यांच्या आतल्या मोड्यूललाही हीच बोली कळते.

एसएमएस पाठवायचा तर एटी+सीएमजीएस आणि नंबर. मोड्यूल ‘>’ अशी खूण दाखवून मजकुराची वाट पाहतं. पुन्हा तोच जुना पेच : मजकूर संपला हे त्याला कळणार कसं? इथे सेकंदभर गप्प राहून भागत नाही, कंट्रोल-झेड दाबावं लागतं. निरोप मराठीत असेल तर १६० ऐवजी ७० अक्षरांतच आटपायचा. यूसीएस२ पद्धत लावली की एकेक अक्षर आणि मात्रा चार चिन्हांच्या अंकलिपीत, फोननंबरसुद्धा त्याच लिपीत. ‘मोटर’ एवढा शब्द ०९२ई ०९४बी ०९१एफ ०९३० असा, मधे जागा न सोडता टाइप करायचा.