रोवलेला पाय आणि मारणारा पाय

फुटबॉलच्या बुटाच्या जाहिरातीत बहुधा चेंडूवर आदळणारा पाय दाखवला जातो, आणि त्यामुळे सामान्य प्रेक्षकाची अशी समजूत होते की बुटाच्या रचनेतील सारी प्रगती त्या एका पायावरच्या कातड्यात, त्याच्या रबरी पट्ट्यांत आणि खवल्यांत सामावलेली आहे. प्रत्यक्षात गेल्या दीडशे वर्षांत बुटाने फटक्याला जी मदत केली तिचा मोठा वाटा दुसऱ्या पायाचा, म्हणजे फटका मारताना चेंडूशेजारी जमिनीत रोवल्या जाणाऱ्या आधाराच्या पायाचा आहे. मारणाऱ्या पायावरच्या बुटाने मात्र मुख्यतः आपले वजन, जाडी आणि ताठरपणा कमी करत नेला, आणि त्याची खरी कामगिरीही तीच म्हणावी लागेल.

हे समजण्यासाठी आधी फटका म्हणजे काय ते पाहावे लागते. पाय आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे एका सेकंदाचा शंभरावा भागच टिकतो. तेवढ्या अवधीत चेंडू पावलावर चेपतो, पुन्हा आकार धरतो आणि पावलाच्या वेगापेक्षाही अधिक वेगाने सुटतो, कारण ४१० ते ४५० ग्रॅम वजनाच्या चेंडूच्या मानाने पाऊल आणि त्यामागून येणारी नडगी यांचे वस्तुमान बरेच जास्त असते. या क्षणार्धात खेळाडूला काही सुधारता येत नाही. जे ठरायचे ते पाऊल कोणत्या वेगाने आले, घोटा किती ताठ होता आणि चेंडूच्या मध्यापासून किती अंतरावर आघात झाला यांवरून ठरून गेलेले असते. याउलट दूरवरून आलेला चेंडू पायावर झेलून थांबवताना पाऊल किंचित मागे घ्यावे लागते आणि आघात सौम्य करावा लागतो. म्हणजे फटक्याला कठीण पृष्ठभाग हवा, ताब्याला मऊ, आणि एकाच बुटाने दोन्ही कामे करायची, ही या रचनेतील मूळची ओढाताण आहे.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा विचार कोणाच्या मनात नव्हता. तेथे कामगार आपल्या रोजच्या कामाच्या बुटांवरच खेळत, आणि पकड यावी म्हणून तळाला खिळे ठोकत. १८६३ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले तेव्हा त्यांत बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या आणि गटापर्चा, म्हणजे आग्नेय आशियातील एका झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा कडक पदार्थ, बुटाच्या तळाला वा टाचेला लावण्यास मनाई करणारा एक नियम होता. पुढे १८९१ मध्ये अर्ध्या इंचापेक्षा जास्त बाहेर न येणाऱ्या आडव्या पट्ट्यांना आणि गोल गुट्ट्यांना, ज्यांना आज सर्वत्र स्टड म्हणतात, परवानगी मिळाली. बूट मात्र घोट्याच्या वर जाणारे, जाड चामड्याचे आणि पुढे कडक टोपी बसवलेले असेच राहिले. एका बुटाचे वजन सुमारे अर्धा किलो असे, आणि पावसाने भिजल्यावर ते जवळजवळ दुप्पट होई. अशा बुटाने चेंडू बोटांच्या टोकाने ढकलणे सोपे होते. घोटा वाकवून पावलाच्या वरच्या बाजूने फटका मारणे किंवा आतल्या बाजूने चेंडू वळवणे कठीण होते. या बुटाला चिलखत म्हणणेच योग्य ठरेल, कारण त्याचे काम पायाचे रक्षण एवढेच होते.

त्याच काळात भारतात या चिलखताशिवाय फुटबॉल खेळला जात होता, आणि तो दुय्यम दर्जाचा नव्हता. १९११ साली कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबने आयएफए शील्ड या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीला २–१ असे हरवले, तेव्हा संघातील अकरा जणांपैकी केवळ सुधीर चटर्जी यांच्या पायात बूट होते. अनवाणी पावलाला चेंडूचा स्पर्श थेट कळतो आणि घोटा मोकळा राहतो, त्यामुळे कोरड्या मैदानावर या खेळाडूंचा ताबा गोऱ्या पलटणींपेक्षा उजवा ठरे. अडचण पावसाळ्यात येई. चिखलात अनवाणी पाय घसरे आणि सारे कौशल्य व्यर्थ जाई. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणाऱ्या मोहमेडन स्पोर्टिंगच्या यशाची कारणे सांगताना इतिहासकार ओल्या मैदानावर बूट घालण्याच्या त्या संघाच्या निर्णयाचाही उल्लेख करतात, आणि आधाराच्या पायाचे महत्त्व सांगणारा इतका स्पष्ट दाखला दुसरा सापडणे अवघड आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळलेला भारतीय संघ फ्रान्सकडून २–१ असा निसटता हरला, आणि त्यातही त्याने दोन पेनल्टी वाया घालवल्या होत्या. चार वर्षांनी हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने तो १०–१ असा धुऊन काढला, आणि त्यानंतर भारतीय फुटबॉल संघटनेने बूट सक्तीचे केले.

युरोपात चिलखत उतरवण्याची कल्पना दक्षिणेकडून आली. दक्षिण अमेरिका आणि भूमध्य समुद्राकाठचे देश या कोरड्या मैदानांच्या प्रदेशांत घोट्याखाली कापलेले, लवचीक आणि हलके बूट रूढ होत होते. १९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेलेल्या स्टॅन्ली मॅथ्यूज या इंग्लिश खेळाडूने ते पाहिले, आणि परतल्यावर त्याने आपल्यासाठी तसेच पातळ बूट बनवून घेतले. ते काही सामन्यांतच फाटत, पण चेंडू पायाशी खेळवत बचावपटूला चकवण्यावर ज्याची सारी कीर्ती उभी होती त्या मॅथ्यूजला तो सौदा परवडणारा होता. टिकाऊपणा देऊन स्पर्श विकत घेण्याचा हा व्यवहार पुढे या धंद्याचा पायाच झाला.

तळाच्या बाबतीत निर्णायक प्रसंग ४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे घडला. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीसमोर त्या काळचा जगातील सर्वांत बलाढ्य संघ हंगेरी होता, आणि त्याच स्पर्धेत त्याने जर्मनांना आधी ८–३ असे हरवले होते. त्या दिवशी पाऊस पडला आणि मैदान जड झाले. जर्मन संघाचे बूट बनवणाऱ्या आदि डास्लर यांनी, म्हणजे आदिदासच्या संस्थापकांनी, फिरकीने बसणारे आणि काढता येणारे स्टड लावले होते, त्यामुळे मैदान पाहून लांब स्टड बसवणे शक्य झाले. पहिल्या आठ मिनिटांत दोन गोल खाऊनही जर्मनीने सामना ३–२ असा जिंकला. असे स्टड आधी आपणच केले, असा दावा आदि यांचे बंधू रुडॉल्फ डास्लर यांची पूमा ही कंपनी पुढे करत राहिली. हेर्त्सोगेनआउराख या एकाच लहानशा गावात समोरासमोर थाटलेल्या या दोन कारखान्यांचे वैर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विजयाचे सारे श्रेय स्टडला देणे ही आदिदासच्या सोयीची दंतकथा आहे, कारण हंगेरीचा कर्णधार पुश्काश दुखऱ्या घोट्याने खेळत होता. तरीही तत्त्व खरे होते: आधाराचा पाय घट्ट रोवला गेला तरच कंबरेपासून पावलापर्यंतचा सारा जोर मारणाऱ्या पायात उतरतो, आणि तो निसटला तर तीच शक्ती तोल सावरण्यात खर्च होते.

त्यानंतरची पंचवीस वर्षे कातड्याची होती. कांगारूचे कातडे गाईच्या कातड्यापेक्षा पातळ ठेवूनही मजबूत राहते, कारण त्यातील तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे असतात. ते लवकर पायाचा आकार घेते. १९७९ साली आलेला आदिदासचा कोपा मुंडियाल हा या परंपरेचा मुकुटमणी मानला जातो, आणि तो आजही बाजारात मिळतो. अलीकडे प्राणिहक्कांच्या दबावामुळे मोठ्या कंपन्यांनी हे कातडे सोडायला सुरुवात केली असून पूमाने २०२३ मध्ये आपला किंग हा जुना बूट कृत्रिम साहित्यात आणला.

कातड्यावर काही चिकटवून चेंडूच धरून ठेवावा, ही कल्पना क्रेग जॉन्स्टन यांची. लिव्हरपूलसाठी खेळून १९८८ मध्ये निवृत्त झालेल्या या खेळाडूला ऑस्ट्रेलियात मुलांना शिकवताना ओल्या चामड्यावरून चेंडू घसरतो हे जाणवले, आणि त्याने टेबल टेनिसच्या बॅटवरचे रबर काढून बुटावर लावून पाहिले. कंपन्यांनी ही कल्पना आधी नाकारली. मग त्याने बेकेनबाउर, रुमेनिगे आणि ब्राइटनर या जर्मन फुटबॉलच्या दिग्गजांकडून तो बूट वापरून घेतला, त्याचे चित्रण केले, आणि १९९४ मध्ये आदिदासने प्रेडेटर या नावाने तो बाजारात आणला. चवड्यावर रबराचे उंचवटे असलेला हा बूट डेव्हिड बेकहॅम आणि झिनेदिन झिदान यांच्या पायांत दिसू लागला, आणि वळणारा चेंडू व हा बूट यांचे नाते लोकांच्या मनात पक्के झाले.

ते नाते कितपत खरे आहे, याची तपासणी २००२ साली ताकेशी असाई आणि त्यांच्या जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांनी केली. हवेत फिरणाऱ्या चेंडूच्या एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळ्या प्रकारे ओढली जाते आणि चेंडू वळतो, यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. म्हणून वळण हवे तर चेंडूला स्वतःभोवती फिरक द्यावी लागते. असाईंच्या संगणकीय प्रतिकृतीत असे आढळले की फिरक किती मिळेल हे बूट आणि चेंडू यांच्यातील घर्षणापेक्षा आघाताची जागा चेंडूच्या मध्यापासून किती बाजूला आहे यावर अधिक अवलंबून असते, इतके की घर्षण शून्य मानले तरी चेंडू पावलावर चेपत असल्यामुळे थोडी फिरक येतेच. म्हणजे कोरड्या दिवशी बेकहॅमचा चेंडू मुख्यतः बेकहॅममुळेच वळत होता. रबर निरुपयोगी ठरत नाही. पाणी पडल्यावर घर्षण घसरते आणि तेथे त्याचा उपयोग होतो, शिवाय धावता धावता चेंडू सोबत नेताना तो निसटत नाही. जॉन्स्टनचे मूळ निरीक्षण पावसातलेच होते, हे जाहिरातींनी सोयीस्करपणे विसरून टाकले.

१९९८ मध्ये नाइकेने ब्राझीलच्या रोनाल्डोसाठी मर्क्युरियल काढला आणि स्पर्धा वजनाकडे वळली. कृत्रिम कातडे पाणी पीत नाही आणि ताणले जात नाही, म्हणून बूट सुमारे २०० ग्रॅमपर्यंत आणता आला. २०१० मध्ये आदिदासचा एफ५० हा १६५ ग्रॅमवर पोहोचला आणि २०१५ मध्ये त्याची ९९ ग्रॅमची मर्यादित आवृत्ती निघाली. हलक्या बुटाने फटका जोरकस होतो, ही समजूत मात्र अपुरी आहे. वजन घटल्याने पाऊल थोडे वेगाने येते, पण आदळणारे वस्तुमानही तितकेच घटते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात. खरा लाभ सामन्यात दहा-दहा किलोमीटर धावणाऱ्या पायांना होतो. याच सुमारास नाड्यांकडेही लक्ष गेले, कारण पावलाच्या मधोमध बांधलेली गाठ आघाताचा पृष्ठभाग खडबडीत करते. नाड्या बाजूला सरकवल्या गेल्या, कधी घडी घालून पुढे पाडलेल्या जिभेखाली लपवल्या गेल्या आणि २०१६ च्या एका आदिदास बुटात पूर्णपणे गेल्या. २०१४ पासून तर मोज्यासारखे विणलेले बूट आले, ज्यांत पाऊल आणि चेंडू यांच्यामध्ये कापडाचा एक पातळ थरच उरतो.

या सगळ्या प्रवासाचे मर्म जर्मनीतील ड्यूसबुर्ग-एसेन विद्यापीठातील एवाल्ड हेनिग आणि थॉर्स्टन स्टर्झिंग यांच्या प्रयोगांत सापडते. त्यांना असे दिसले की वेदना सोसू शकणारा खेळाडू अनवाणी पायाने बुटापेक्षाही अधिक वेगवान फटका मारू शकतो, कारण बूट नसला की घोटा पूर्ण ताणून पाऊल नडगीच्या रेषेत आणता येते आणि आघात अधिक कठीण होतो. त्याच संशोधनात आधाराच्या पायाची पकड कमी केली की चेंडूचा वेगही घसरला. अचूकतेच्या बाबतीत बुटाची बाजू सरस ठरली: पावलाच्या हाडांचे उंचवटे झाकून दाब एकसारखा पसरवणाऱ्या बुटाने चेंडू लक्ष्याच्या अधिक जवळ जातो. मोहन बागानच्या खेळाडूंना यातील अर्धे सत्य प्रयोगशाळेशिवायच ठाऊक होते.

पकडीलाही मर्यादा असते. स्टड जमिनीत फार घट्ट रुतला आणि शरीर वळले, तर पाऊल जागीच राहते व पिळा गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो. म्हणूनच आज एकच बूट वेगवेगळ्या तळांनिशी विकला जातो: टणक गवतासाठी एफजी, चिखलासाठी लांब धातूचे स्टड असलेला एसजी, आणि कृत्रिम गवतासाठी अनेक आखूड स्टड असलेला एजी. शहरांतील भाड्याच्या मैदानांवर कृत्रिम गवतच असते, पण तेथे येणारी बहुतेक मुले एफजी घालूनच खेळतात, कारण दुकानात तोच मांडलेला असतो.

गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची ही दुखापत स्त्री खेळाडूंमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते, आणि तरीही अनेक दशके त्यांना पुरुषांच्या साच्यावर बेतलेले लहान मापाचे बूटच मिळत होते, जरी स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. २०२३ च्या महिला विश्वचषकाआधी नाइकेने काढलेल्या फँटम लूना या बुटात चवड्याखालचे स्टड वर्तुळात मांडलेले आहेत; सरळ धावताना ते जमीन धरतात आणि खेळाडू गिरकी घेते तेव्हा पाऊल त्या वर्तुळावर फिरू देतात.