जुना प्रेशर लॅम्प: भंगार की भांडवल? घेण्याआधी ओळखा, विकण्याआधी हिशोब करा

"जुन्या वस्तू दुरुस्त करून विकायच्या आहेत, सुरुवात कशाने करू?" हा प्रश्न तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. आज एकच वस्तू घेऊया: हवा भरून पेटवायचा, जाळीचा टेबल लॅम्प. वरातीत डोक्यावर नेत ती गॅसबत्ती, तिचाच हा घरातला भाऊ.

ओळखायचा कसा?

टाकीला पंप आणि वर जाळी, म्हणजे मेंटल, असेल तर तो प्रेशर लॅम्प. वात असेल तर तो वेगळा दिवा. टांगायची कडी नाही, टाकीच बैठकीचं काम करते आणि वर शेड बसते, तर तो टेबल लॅम्प.

मग शिक्का शोधा. पेट्रोमॅक्स मूळचा जर्मनीचा, टिली ब्रिटनचा, कोलमन अमेरिकेचा. 'वेस्ट जर्मनी' लिहिलेलं दिसलं तर वस्तू 1949 नंतरची, विक्रेता कितीही "शंभर वर्षं जुना" म्हणो. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो.

इंधन ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोमॅक्स आणि टिली रॉकेलवर चालतात, आधी स्पिरिटने तापवावे लागतात. कोलमनचे जुने क्विक-लाइट लॅम्प पेट्रोलवर चालतात. रॉकेलच्या लॅम्पमध्ये पेट्रोल कधीच नाही. भडका उडतो.

दुरुस्ती: याच क्रमाने

1. आणल्या आणल्या पेटवू नका. टाकी रिकामी करा, तळाच्या कडेला चीर आहे का बघा. चीर असेल तर तो फक्त शोभेचा म्हणून विका, आणि गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा.
2. पंपाचा चामडी वॉशर वाळलेला असतो. तेलात मुरवा, नाहीतर बदला.
3. हवा भरल्यावर दांडा आपोआप वर येत असेल, तर पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय.
4. रिकाम्या टाकीत थोडी हवा भरून ती पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तिथे गळती.
5. निपलचं भोक बारीक पिनेनेच साफ करा, मोठं करू नका.
6. पहिल्यांदा उघड्यावर पेटवा, शेजारी वाळूची बादली ठेवा. जुन्या जाळ्यांमध्ये थोरियम असतं, त्यांची राख फुंकू नका.

आणि पॉलिश? इथे मी स्वतः पैसे घालवलेत. पहिल्याच लॅम्पला सँडपेपर मारला आणि निकेलचा मुलामा, शिक्क्यासकट, घासून टाकला. उघड्या पितळेला चिंच चालते, मुलाम्याला फक्त साबणाचं पाणी आणि मऊ कापड.

आता हिशोब

समजा, पुण्याच्या जुन्या बाजारात लॅम्प 1500 रुपयांना घेतला आणि 4000 ला विकला. नफा 2500? थांबा! सुटे भाग 400, येणं-जाणं 200, तुमचे सहा तास 150 रुपयांप्रमाणे 900. एकूण खर्च 3000, नफा 1000.

अजून एक गोष्ट. चार लॅम्प घेतले आणि त्यातला एक वायाच गेला, तर त्याचे 1500 उरलेल्या तिघांवर पडतात, प्रत्येकी 500. म्हणजे हातात उरले 500. म्हणून खरेदी करतानाच घासाघीस करा, आणि वाया गेलेल्याचे भाग जपून ठेवा, पुढच्या लॅम्पला लागतील.

कायदा विसरू नका

1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. तेव्हा "अँटिक" हा शब्द जाहिरातीत सहज टाकू नका. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा: शिक्का काय, दुरुस्त काय केलं, पेटतो की नाही.

या आठवड्याचं काम: एकच लॅम्प शोधा, आणि विकत घेण्याआधी वरचा हिशोब कागदावर मांडा. आकडा जमला, तरच खिशात हात घाला!