गिझर (विद्युत जलतापक)

गिझर किंवा साठवणीचा विद्युत जलतापक हे टाकीतील पाणी विजेच्या साहाय्याने तापवून ते काही काळ गरम ठेवणारे घरगुती उपकरण आहे. आइसलँडमधील 'गेसिर' या उष्ण पाण्याच्या कारंज्याच्या नावावरून हा शब्द इंग्रजीमार्गे भारतात रूढ झाला. महाराष्ट्रात पूर्वी आंघोळीचे पाणी चुलीवरील हंड्यात किंवा तांब्याच्या बंबात तापवीत असत. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील आळे व आसपासच्या गावांत हिवाळ्यातील पहाट थंड असते. तेथेही बंबाच्या जोडीला गिझर व सौर जलतापक वापरले जातात. भारतात या उपकरणासाठी आयएस २०८२ हे मानक आहे.

रचना

उष्णतारोधक आवरणातील टाकीत तापक घटक, तापमान नियंत्रित करणारा थर्मोस्टॅट व तो निकामी झाल्यास वीज तोडणारा कटआउट असतो. २५ लिटर पाण्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे १.१६ युनिट वीज लागते. २ किलोवॉटचा घटक हे काम साधारण ३५ मिनिटांत करतो.

भिंतीवर बसवणे

पाण्याने भरलेल्या २५ लिटर गिझरचे वजन ३० किलोग्रॅमहून अधिक होते. म्हणून तो भक्कम भिंतीवर, योग्य मापाच्या अँकर बोल्टने बसवतात. तो शॉवरच्या फवाऱ्यापासून दूर आणि दुरुस्तीसाठी हात पोहोचेल अशा जागी असावा.

नळजोडणी

पाणी २० वरून ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे दीड टक्का प्रसरण पावते. म्हणजे २५ लिटरमागे एक-तृतीयांश लिटरहून अधिक. थंड पाण्याच्या बाजूचा एकदिशा झडप हे पाणी मागे जाऊ देत नाही. बंद टाकीत त्यामुळे दाब वाढतो व तो सुरक्षा झडपेतून बाहेर पडतो. पाणी तापताना या झडपेतून थेंब गळणे हा बिघाड नव्हे. गळती थांबवण्यासाठी झडपेचे तोंड बुजवल्यास टाकी फुटण्याचा धोका निर्माण होतो. झडप व टाकी यांच्यामध्ये दुसरा कॉक बसवू नये.

वीजजोडणी

२ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी वापरतात. बटण न्हाणीघराबाहेर असणे अधिक सुरक्षित असते.

तापक घटकाचे आवरण फुटल्यास पाणी व नळ यांत वीज उतरू शकते. माणसाच्या शरीरातून अँपिअरच्या शंभराव्या हिश्शाच्या पटीत गेलेला प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो. एवढ्याशा प्रवाहाने एमसीबी पडत नाही. तो वायरचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात: गळणाऱ्या विजेला जमिनीकडे वाट देणारे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळती ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकणे किंवा अर्थ व न्यूट्रल एकत्र जोडणे अत्यंत धोकादायक आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तपासणी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून आधी करून घ्यावी.

प्रथम वापर

टाकी रिकामी असताना घटक सुरू केल्यास तो जळतो. म्हणून प्रथम गरम पाण्याचा नळ उघडून टाकी भरतात. नळातून हवेविना सलग धार आल्यावर व सांध्यांची गळती तपासल्यावरच वीज सुरू करतात. आरसीसीबीवरील चाचणी बटण दाबताच पुरवठा खंडित झाला पाहिजे. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजू शकते. त्यामुळे बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग गरम पाणी मिसळावे.

देखभाल

दख्खनच्या काळ्या कातळातील अनेक विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते घटकावर साचल्यास पाणी तापण्यास अधिक वेळ लागतो व घटक जास्त तापून निकामी होतो. टाकीतील मॅग्नेशियमची कांडी स्वतः झिजून पोलादाला गंजण्यापासून वाचवते. ती संपण्यापूर्वी बदलावी लागते. कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. प्लग काढावा किंवा मुख्य पुरवठा बंद करावा.