दीर्घायुष्याचा निरोप तंतुकणिकांकडून?

पेशीचे ऊर्जाकेंद्र एवढीच ज्यांची ओळख शालेय पुस्तकांतून होते, त्या तंतुकणिका अर्थात मायटोकॉन्ड्रिया शरीराला संदेशही धाडतात, असे गेल्या दोन दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. हे संदेश वाहून नेणारे चिमुकले रेणू म्हणजेच तंतुकणिकाजन्य पेप्टाइड. वार्धक्याच्या अभ्यासकांचे लक्ष सध्या त्यांच्याकडे लागले आहे.

तंतुकणिकांना स्वतःचा स्वतंत्र डीएनए असतो. मानवी तंतुकणिकांतील या डीएनएचा संपूर्ण आराखडा १९८१ मध्ये केंब्रिज येथे उलगडला गेला. त्यात अवघी ३७ जनुके असून त्यांपैकी १३ प्रथिने घडवतात, असे मानले जात होते. या समजुतीला पहिला धक्का २००१ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दिला. अल्झायमरग्रस्ताच्या मेंदूतील शाबूत राहिलेल्या भागाचा शोध घेताना त्यांना २४ अमिनो आम्लांचे 'ह्युमॅनिन' सापडले. चेतापेशींना मरणापासून वाचवणाऱ्या या पेप्टाइडचा आराखडा तंतुकणिकांच्या डीएनएशी जुळत होता. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चांगहान ली, पिंकस कोहेन व सहकाऱ्यांनी १६ अमिनो आम्लांचे 'मॉट्स-सी' उजेडात आणले. शर्करेच्या चयापचयावर ते प्रभाव टाकते.

वयाशी नाते कसे?

वाढत्या वयाबरोबर रक्तातील ह्युमॅनिनचे प्रमाण घटते. शंभरी गाठलेल्यांच्या अपत्यांमध्ये मात्र ते तुलनेने अधिक असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. मॉट्स-सी टोचलेल्या वृद्ध उंदरांची धावण्याची क्षमता दुपटीने वाढल्याचे २०२१ च्या प्रयोगात आढळले. त्यांचे आयुर्मान वाढल्याचे मात्र निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

आशा आणि बाजार

येथेच सावधगिरीची गरज आहे. दीर्घायुषी कुटुंबांत एखादा रेणू अधिक आढळला, म्हणजे तो टोचून घेतल्याने आयुष्य वाढेल, असा अर्थ निघत नाही. तो दीर्घायुष्याचे कारण असेल किंवा केवळ उत्तम प्रकृतीची खूण. मॉट्स-सीवर बेतलेल्या एका औषधाची चाचणी स्थूलत्व व यकृतातील चरबीचा विकार असलेल्या अवघ्या २० जणांवर चार आठवडे झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाले. यकृताच्या काही रक्तचाचण्यांत सुधारणा दिसली. परंतु दीर्घायुष्य हा त्या चाचणीचा विषयच नव्हता.

असे असूनही परदेशांत इंटरनेटवरून 'केवळ संशोधनासाठी' अशा लेबलाखाली मॉट्स-सीच्या कुप्या विकल्या जातात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंसाठी हे द्रव्य निषिद्ध ठरवले आहे. दीर्घकाळ टोचून घेतल्यास माणसावर होणारे परिणाम पुरेसे तपासले गेलेले नाहीत.

सर्वसामान्यांच्या दृष्टीने अधिक मोलाची नोंद २०२१ च्याच संशोधनात आहे. व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांनी स्थिर सायकल चालवल्यानंतर त्यांच्या स्नायूंतील मॉट्स-सीचे प्रमाण सुमारे १२ पट झाले. प्रयोगशाळेतील कुपी विश्वासार्ह ठरेल तेव्हा ठरेल. शरीराच्या स्वतःच्या कारखान्याला चालना देणे मात्र आजही प्रत्येकाच्या हाती आहे.