चावऱ्या गिनीपिगची हाताळणी



उमरगा परिसरातील शेतकऱ्यांचे जनावराशी नाते जुने आहे. दावणीचा बैल, परड्यातली शेळी, खुराड्यातली कोंबडी यांचा स्वभाव घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. परंतु मुलांच्या हौसेखातर शहरातून गिनीपिगसारखा अनोळखी प्राणी घरात आणला, तर तो कसा धरावा हे सहसा कोणी सांगत नाही. मग पहिल्याच आठवड्यात मुलाच्या बोटाला दात लागतात आणि 'हे जनावर खोडीलच आहे' असा शिक्का बसतो. वास्तविक चावणे हा गिनीपिगचा स्वभाव नव्हे. चावण्यामागे काही कारण असते व ते शोधल्यास बहुतेक वेळा उपाय सापडतो.

प्राण्याची ओळख

गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. तेथील पेरू वगैरे देशांत शेतकरी हजारो वर्षांपासून तो मांसासाठी पाळत आले आहेत. नावात 'पिग' असले तरी डुकराशी त्याचा संबंध नाही; तो कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारणपणे ७०० ते १२०० ग्रॅम भरते. त्याला २० दात असून ते आयुष्यभर वाढत राहतात. निसर्गात तो इतर प्राण्यांचे भक्ष्य असल्याने अत्यंत भित्रा आहे. वरून येणारा हात त्याला झडप घालणाऱ्या घारीसारखा वाटतो.

चावण्याची कारणे

१. भीती : नवीन जागा, गोंगाट, कुत्र्या-मांजराचा वावर किंवा एकदम वरून पकडणे.

२. बोटांचा वास : गूळ, फळ किंवा भाजी हाताळून तसाच हात पुढे केल्यास बोट खाद्य समजून चावले जाते.

३. दुखणे : खरूज, वाढलेले दात, तळपायाच्या जखमा, मूतखडा. शांत प्राणी अचानक चावू लागला तर प्रथम आजाराचा संशय घ्यावा.

४. कंटाळा : बराच वेळ मांडीवर ठेवल्यास किंवा लघवी करावयाची असल्यास तो आधी चुळबुळ करतो, नंतर हलकेच दात लावतो.

५. आपसातील भांडण : दोन नर एका पिंजऱ्यात भांडत असताना मध्ये हात घालू नये.

चावण्यापूर्वी गिनीपिग बहुधा सूचना देतो. दात कटकट वाजवणे, डोके झटकन वर करणे, अंग ताठ करून थिजणे ही ती लक्षणे होत. ती दिसताच हात मागे घ्यावा.

सवय लावण्याची पद्धत

आपण बैलाजवळ जाताना आवाज देतो, मागून गुपचूप जात नाही. तोच नियम येथेही पाळावा.

प्रथम तीन-चार दिवस हात लावू नये. पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलावे. नंतर कोथिंबिरीची लांब काडी किंवा हरळीचे पाते हाताने द्यावे, म्हणजे तोंड व बोट यांत अंतर राहते. तो निर्धास्तपणे खाऊ लागला की साबणाने धुतलेल्या हाताची पाठ हुंगू द्यावी व मानेवरून हळूच कुरवाळावे. या कामी काहींना आठवडा, तर काहींना महिनाही लागतो. घाई करू नये.

उचलताना एक हात बाजूने आणून छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे घालावा व दुसऱ्या हाताने मागील भागाला आधार द्यावा. लगेच आपल्या छातीशी धरावे. पोट दाबू नये. फारच चावरा असल्यास टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून उचलावे. मुलांनी जमिनीवर बसूनच त्याला मांडीवर घ्यावे. कमरेच्या उंचीवरून पडला तरी दात, पाय किंवा पाठीचा कणा मोडू शकतो. आरंभी पाच मिनिटे पुरेत.

दात लागलाच तर हात हिसडू नये, ओरडू नये आणि मारू तर मुळीच नये. मारल्याने भीती वाढते व भीतीने चावणे वाढते. मात्र चावताक्षणी पिंजऱ्यात सोडल्यास 'चावले की सुटका' हा धडा तो शिकतो. म्हणून क्षणभर शांत धरून, तो स्थिर झाल्यावर खाली ठेवावे.

आहार आणि निवारा

माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रॉलिश या शास्त्रज्ञांनी याच प्राण्यावर स्कर्व्ही रोगाचा अभ्यास केला होता. हे जीवनसत्त्व कमी पडल्यास सांधे सुजतात, उचलताना वेदना होतात आणि प्राणी चावतो. यासाठी शेवग्याचा पाला, कोथिंबीर, ढोबळी मिरची किंवा पेरूची लहान फोड रोज थोडी द्यावी. वाळलेले गवत सदैव समोर असावे. ते चघळल्याने दात झिजतात. कोवळी हिरवी ज्वारी जनावरांप्रमाणे यालाही घातक आहे, ती देऊ नये. फवारणी झालेल्या प्लॉटमधील भाजीही टाळावी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपर्यंत चढतो. गिनीपिगला ३० अंशांपुढील उष्णता सोसत नाही. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये. ओले पोते, सावली, वारा व स्वच्छ पाणी यांची सोय करावी. लपण्यासाठी आत एक खोके ठेवल्यास भीती कमी होते.

औषधाबाबत इशारा

गोठ्यातील उरलेले औषध गिनीपिगला कधीही देऊ नये. पेनिसिलीन, अॅम्पिसिलीन, अॅमॉक्सिसिलीन ही इतर जनावरांना चालणारी औषधे याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारतात व प्राणी दगावू शकतो. गोचिडाचे औषधही अंगावर लावू नये. खाणे थांबल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवावे. उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय उमरग्याहून फार दूर नाही.

माणसाला चावा लागल्यास

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरचीपूड, तेल यांपैकी काहीही भरू नये. नंतर जंतुनाशक लावून दवाखान्यात जावे व धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत विचारावे. घरात पाळलेल्या गिनीपिगपासून रेबीज होण्याची शक्यता अत्यल्प असते. तथापि त्या प्राण्याला आधी कुत्रा, मांजर किंवा मुंगूस चावले असल्यास ही बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी. मुलाने मार बसेल या भीतीने चावा लपवू नये, म्हणून त्याला रागावू नये.

थोडक्यात, प्रथम दुखणे तपासावे, नंतर भीती घालवावी आणि शेवटी सवय लावावी. या क्रमाने गेल्यास बहुतेक चावरे गिनीपिग महिना-दोन महिन्यांत हातात शांत बसू लागतात. मुक्या जनावराला बोलता येत नाही. त्याचा दात काय सांगतो हे ओळखायला मूल शिकले, तर पुढे गोठ्यातील गाय-बैलांनाही त्या शिक्षणाचा लाभ होईल.