‘खोटे’ कशास म्हणावे? पेटंट औषधांची लेबले आणि कायद्याची भाषा

‘पेटंट औषध’ हे नावच मुळी दिशाभूल करणारे आहे. इंग्लंडात राजसनदेने ज्या औषधांना विक्रीचा एकाधिकार मिळे, त्यांच्यावरून ते रूढ झाले. अमेरिकेत ज्यांना ते चिकटले, त्यांपैकी बहुतेकांचे पेटंट कोणी घेतलेच नव्हते. पेटंटासाठी घटक उघड करावे लागतात, आणि हा व्यापार तर गुप्ततेवरच चाले. अशा व्यापाराला आळा घालण्यासाठी अमेरिकेने जे कायदे केले, त्यांचा इतिहास भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. कारण तेथे औषधाच्या गुणापेक्षा शब्दांच्या अर्थावरच अधिक वाद झाला.

१९०६ च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याने मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन इत्यादी द्रव्यांचे प्रमाण लेबलावर नोंदविणे सक्तीचे केले, आणि औषधाविषयी वा त्याच्या घटकांविषयी खोटे अथवा दिशाभूल करणारे विधान निषिद्ध ठरविले. पहिला गाजलेला खटला १९०८ साली वॉशिंग्टन येथे झाला. रॉबर्ट हार्पर याच्या डोकेदुखीवरील औषधाचे नाव ‘क्युफॉरहेडेक ब्रेनफूड’ असे होते. इंग्रजी वर्णलेखन बुद्ध्याच मोडलेले. कानाला मात्र ‘डोकेदुखीवर उतारा, मेंदूचे अन्न’ असेच ऐकू येई. त्यातील मुख्य द्रव्य ॲसिटॅनिलाइड. ते मेंदूचे पोषण करीत नाही, हृदयाला मात्र अपाय करू शकते. हार्पर दोषी ठरला आणि त्याला ७०० डॉलर दंड झाला.

खरी कसोटी १९११ साली लागली. कॅन्सस सिटीच्या जॉन्सन या विक्रेत्याने आपले औषध कर्करोग बरा करते असे लेबलावर छापले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती होम्स यांनी निर्णय दिला, की कायद्यातील ‘औषधाविषयी विधान’ म्हणजे ते औषध काय आहे याविषयीचे विधान होय. ते काय करील याविषयीचे नव्हे. गुणकारितेबद्दल मतभेद संभवतात, आणि मतांचा न्याय करावा असा विधिमंडळाचा हेतू नव्हता. न्यायमूर्ती ह्यूज यांनी भिन्नमत नोंदविले. निरुपयोगी द्रव्याला कर्करोगावरील इलाज म्हणणे हे मत नसून वस्तुस्थितीविषयीचे असत्य आहे, असा त्यांचा आशय होता. व्याकरणदृष्ट्या ‘विषयी’ या शब्दाची व्याप्ती ह्यूज यांनी घेतली तीच स्वाभाविक, असे मला वाटते.

राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी दुरुस्ती सुचविली, आणि १९१२ च्या शर्ली दुरुस्तीने रोगनिवारक गुणांविषयीचे ‘खोटे आणि कपटी’ विधान निषिद्ध झाले. येथे एका उभयान्वयी अव्ययाने घात केला. ‘किंवा’ ऐवजी ‘आणि’ पडल्यामुळे विधान खोटे आहे एवढे दाखवून भागेना. ते लिहिणाऱ्याच्या मनात कपट होते हेही सिद्ध करावे लागे. वाक्य न्यायालयापुढे ठेवता येते, मन कसे ठेवावे? मधुमेहावरील ‘बॅनबार’ या औषधाच्या खटल्यात निर्मात्याने बरे झाल्याची रुग्णांची पत्रे हजर केली. त्यांतीलच काही रुग्णांचे मधुमेहाने मृत्यू झाल्याचे दाखले सरकारने पुढे ठेवले. तरीही सरकार हरले. पत्रांवर विश्वास ठेवणारा निर्माता कपटी ठरत नव्हता! १९३८ च्या कायद्याने कपटाची अट काढली, आणि महत्त्वाची गोष्ट लेबलावर न सांगणे हाही दिशाभुलीचाच प्रकार मानला. मौनालाही अर्थ असतो, हे तत्त्व अशा रीतीने विधिनियमात आले.

आपल्याकडील १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने याहून निराळी वाट धरली. त्याच्या चौथ्या कलमात खोटेपणाचा निकष आहे. पण तिसऱ्या कलमाने काही विकारांवरील औषधांची जनतेपुढील जाहिरातच निषिद्ध केली, मग दावा खरा असो वा खोटा. रोगांची यादी नियमांनी वाढविण्याचा सरकारचा अनिर्बंध अधिकार सर्वोच्च न्यायालयाने हमदर्द दवाखाना खटल्यात अवैध ठरविल्यानंतर, १९६३ साली ५४ विकारांचे परिशिष्ट कायद्यालाच जोडण्यात आले. त्यात कर्करोग व मधुमेह दोन्ही आहेत. या इंग्रजी कायद्यात जादूच्या उपायाची व्याख्या करताना ‘मंत्र’ आणि ‘कवच’ हे शब्द भाषांतर न करता तसेच ठेवले आहेत. ‘जाहिरात’ या संज्ञेत लेबल आणि वेष्टन तर येतेच. शिवाय तोंडी घोषणा, तसेच प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते.